माळीमामांचे रिकामे पेले

माळीमामांच्या धाकट्या मुलीचं मोडलेलं लग्न त्याच मुलाशी पुन्हा जुळलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मामा तेव्हा इस्पितळाची बाग सांभाळत. बागेमागची झाडी तोडून तिथं गाड्या उभ्या करायचं घाटत होतं. एक संशोधक बाई आल्या आणि त्यांनी मामांकडून त्या झाडीत चाळीस पेले काठापर्यंत जमिनीत पुरून घेतले. कशासाठी, ते मामांना कोणी सांगितलं नाही.

सात दिवस बाई सकाळी येऊन बघत. पेले रिकामे.

"मामा, रात्री धावणारे भुंगेरे यात पडायला हवे होते," सातव्या दिवशी बाई म्हणाल्या. "ते सापडले असते तर झाडी वाचली असती. उद्या अहवाल द्यायचा. इथं काही नाही, असंच लिहावं लागणार."

मामांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. पेले रोज तेच तर रिकामे करत होते, उजाडताच, बाई यायच्या आधी!

"अगं, पाठीवरची ढाल चिकटलेली, उडता येईना बिचाऱ्यांना," त्यांनी घरी बायकोला सांगितलं. "वाटलं, टाचणीला टोचून मारतील. मला बघवेना."

"घरात झुरळ दिसलं की मला हाक मारता, आणि भुंगेऱ्यांचा एवढा पुळका! झाडी गेली की सगळेच मरतील. जा, सांगून या. बाई काही खात नाहीत तुम्हाला."

नोकरीची धास्ती होतीच. तरी मामा गेले आणि मान खाली घालून सांगून मोकळे झाले.

बाई कपाळाला हात लावून बसल्या. "अहो, मोजून सोडूनच देणार होते मी!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"चुकलंच माझं. पण उडता येत नाही म्हणूनच तर त्यांना ही झाडी हवी, मामा. दुसरीकडे जाणार कसे? दिसायला कसे होते?"

"एकाच्या कडेला हिरवी झाक. एकाच्या पाठीवर बारीक रेघा. तिसरा काळाकुट्ट, धरला की घाण सोडतो. बोटं हुंगून बघा, अजून वास आहे."

बाईंनी खरंच हुंगली, तोंड वाकडं केलं आणि हसल्या. "एकाच प्रजातीच्या तीन जाती दिसतायत! अहवाल थांबू दे चार दिवस."

दुसऱ्या सकाळी पेल्यांत अकरा निघाले. बाईंनी मोजले, मामांनी सोडले. झाडी राहिली, गाड्या फाटकाजवळ उभ्या राहू लागल्या.

माळीमामा त्यानंतर सात वर्षांनी, धाकटीचा मुलगा शाळेत जाऊ लागला त्या महिन्यात, त्याच इस्पितळात वारले.