निर्माल्याचं निमित्त

सायकल चालवायला माणसाला एवढी जय्यत तयारी लागते, हे हर्षाला लग्नानंतर कळलं. तिच्या नवऱ्याचं, नीलेशचं, पुलगावात भांड्यांचं दुकान. दर रविवारी तो तंग चड्डी, हेल्मेट, हातमोजे आणि काळा चष्मा चढवून गिअरच्या सायकलवर नदीवर जायचा. सोबत त्याच्यासारखेच पोट सुटलेले चार व्यापारी. घाटावर पोचले की फोटो, मग पोहे, मग पुन्हा फोटो. खाली 'नदीकाठी मनःशांती' असं लिहून हा शहाणा दिवसभर फोन चाचपत बसायचा, कोणाकोणाला आवडलं ते बघायला. नदी कोणत्या बाजूला वाहते हे विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं त्याला.

हर्षा स्वतः रोज जायची, पण त्याला कोणी सायकलिंग म्हणत नव्हतं. देवाची शिळी फुलं वाहत्या पाण्यातच सोडायची, हा सासूबाईंचा, शकुंतलाबाईंचा नेम. त्यांचे गुडघे गेल्यावर ते काम सुनेकडे आलं. कॉलेजातली जुनी सायकल, पुढच्या टोपलीत निर्माल्य. उतार लागला की ती पायडल मारणं थांबवायची. मग काठाकाठाने रस्ता, एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला वर्धेचं पाणी, आणि रेल्वेपुलापर्यंत हाक मारणारं कोणी नाही. स्वयंपाक, दुकानातला चहा, पाहुणे, सगळं मागे पडायचं. फुलं सोडायला कितीसा वेळ लागणार? तरी ती पार पुलापर्यंत जाऊनच परतायची. फार सुख वाटायचं तिला. घरात मात्र तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

एका रविवारी नीलेश गळ्यात हार घालूनच घरी आला.

"आमच्या ग्रुपनं चौकात निर्माल्याचा ड्रम ठेवला. खत करून देवळातल्या झाडाइले टाकणार. आता तुले रोज नदीवर जायाची गरज नाई."

"देवळाच्या झाडाले जाते तं चालते," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पोरीची दगदग वाचली बाप्पा."

बायकोच्या दिवसातला एकुलता एक सुखाचा तास या माणसाने ड्रममध्ये टाकला होता, आणि वर त्याला शाबासकी हवी होती.

सोमवारी सकाळी तिने सायकल बाहेर काढली.

"अवं, कुठं निघाली?" शकुंतलाबाईंनी विचारलं. "फुलं तं देवाजवळच राह्यली."

"राहू द्या आई. मी नुसती सायकल चालवाले जाऊन राह्यली."

"काऊन?"

"मले बरं वाटते म्हणून."

असलं कारण त्या घरात आजवर कोणी दिलं नव्हतं. तेवढ्यात आतून नीलेश लगबगीने आला.

"अवं, मंग आधी सांगाचं ना! थांब, मी बी येतो. जोडीनं फोटो काढू."

"तुम्ही राहू द्या," हर्षा सीटवर बसत म्हणाली. "तिथं तुम्ही नसता, म्हणूनच तं बरं वाटते."