पळा रे भाई

"बाबा, 'चालवतेय ताई, पळा रे भाई' हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, दुकानात सगळ्यांसमोर विचारायचं. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला कशालाच नाही म्हणता येत नाही.

बाबा गाड्यांचे स्टिकर बनवतात. त्यातली ही ओळ सर्वांत खपते. तिची रील्स निघाली आणि मग ती आमच्या वर्गात आली. कुणी मुलगी फळ्याकडे निघाली की मागच्या बाकावरून सुरू, "गणित सोडवतेय ताई, पळा रे भाई!" सरसुद्धा हसतात. मागच्या आठवड्यात माझी उंच मैत्रीण, जिला आम्ही लांबुडी म्हणतो, उत्तर येत असूनही अर्ध्यातून परत फिरली. आता ती हातच वर करत नाही.

ओळ माझी होती. सातवीत असताना लिहिलेली. मैत्रिणींना हे माहीत नव्हतं, म्हणून मी जरा जास्तच मोठ्यांदा विचारलं.

बाबांनी कटर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"माझ्याच," ते म्हणाले.

"काका, तुमच्या घरात मुलगी आहे ना?" लांबुडी फणकारली.

"आहे ना," बाबा म्हणाले. "पाणी घ्या."

कुणी घेतलं नाही. जाताना लांबुडीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझी काय चूक? बाप काय निवडता येतो?"

मी मान हलवली. वक्तृत्व तिथे काही कामाला आलं नाही.

तेवढ्यात आईची व्हॅन आली. माल पोचवणं आणि स्टिकर लावणं तिच्याकडे. साबणाचं पाणी मारून असं लावते की एक बुडबुडा राहत नाही. व्हॅनच्या मागच्या दारावर जाहिरात म्हणून तीच ओळ आहे.

"आज कोण?" बाबांनी विचारलं.

"एक मोटारसायकलवाला. हॉर्न वाजवत पुढे गेला, वळून माझं तोंड बघितलं, हसला." दूध संपलंय हे सांगावं तशी आई बोलली.

"हे रोज होतं?" मी विचारलं. "मग काढली का नाहीस?"

"तू लिहिलेली ना. केवढी नाचली होतीस तेव्हा."

मी हेअर ड्रायर घेतला. स्टिकर तापवला की सुटतो.

"हळू, रंग निघेल," बाबा म्हणाले.

"सोललास तरी अक्षरं दिसणारच," आई म्हणाली. "तीन वर्षं ऊन लागलेलं नाही तिथे."

"दिसू देत. आई, बाबा, इकडे बघा, मी ठरवलंय. उद्या गणिताच्या तासाला फळ्यापाशी उभी राहून सांगणार, ओळ माझी आहे, बाबांची नाही. लांबुडीला सकाळीच सांगेन, म्हणजे तिला चिडायला पुरेसा वेळ मिळेल. आणि बाबा, कॉम्प्युटरमधली या स्टिकरची फाइल आत्ता माझ्यासमोर पुसा."