भिंतीवरचा पूर

“वकीलसाहेब, ह्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर तुम्ही स्वतःच्या आईला राहायला आणाल काय?”

प्रश्न खरं तर संयोगिताचा नव्हता. मोना आणि आफशीन ह्या तिच्या वर्गमैत्रिणींनी तो मागच्या खुर्च्यांवर बसून शिजवला होता, आणि ‘विचारून दाखव, न्हायतर उद्यापासून वर्गात तुझं नाव भागूबाई’ असा दम भरून तिच्या हवाली केला होता. दम भरायची तशी गरज नव्हती. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून दहावीतल्या ह्या पोरीच्या तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नव्हतं. ती उठली ती खुर्ची पाडूनच उठली.

तालमीच्या हॉलमध्ये अख्खी गल्ली जमली होती. समोर बिल्डरचे वकील उदयसिंह नकाशा लावून उभे. गल्लीच्या मागं नदीपर्यंत पसरलेली मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, आजवर शेती विभागात होती. ती रहिवासी विभागात घ्यायचा प्रस्ताव निघाला होता. म्हणजे मळीवर भराव पडणार आणि भरावावर इमारती उभ्या राहणार. महापालिकेनं लोकांच्या हरकती मागवल्या होत्या आणि त्या कुणी घेऊ नयेत म्हणून वकीलसाहेब घामाघूम होऊन गोड बोलत होते.

प्रश्नावर हॉल खदखदला. वकीलसाहेबही हसले.

“बाळ, आमची आई गावाकडं सुखात आहे. तुला काळजी पुराची ना? मग ऐक. येताना मी तुमची गल्ली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत आलोय. एका तरी घरावर पाण्याची खूण दाखव. सगळ्या भिंतींचे फोटो काढलेत मी. सुनावणीत तेच ठेवणार.”

हसणाऱ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. कारण ती खूण कुणी पुसली हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

महापूर ओसरल्यावर गल्लीनं घराघराच्या दर्शनी भिंतीवर, पाण्याचा डाग होता तिथंच, लाल ऑइलपेंटनं रेषा मारली होती. पाणी इथवर आलतं, पोरासोरांना माहीत असावं म्हणून. तेव्हा छाती काढून मारली. पण पुढं गल्लीतल्या पोरांची लग्नं जमेनात. पावणं यायचं, चहाच्या आधी नजर रेषेवर जायची, मग हळूच दाराच्या चौकटीवर आणि मग एकमेकांच्या तोंडावर. “पोरगी काय पाण्यात ढकलायची व्हय?” म्हणून एकानं तर पोह्यांना हातसुद्धा लावला नव्हता. शेवटी दिवाळीच्या तोंडावर गल्लीनं एकमतानं ठरवलं आणि सगळ्या भिंती पिवळ्याधमक करून टाकल्या. त्यानंतर दोन सोयरिकी जमल्यासुद्धा. आता तीच पिवळी भिंत वकिलाच्या मोबाईलमध्ये जाऊन बसली होती.

तिघी तिथून निघाल्या त्या थेट आफशीनच्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं. चाँदबी खाला जमिनीच्या आणि झोनच्या केसेस चालवायच्या. काळा कोट खुर्चीला अडकवून त्या कांदे चिरत बसल्या होत्या.

“खाला, हरकत घ्यायला अठरा वर्षं लागतात काय?” संयोगितानं दारातूनच विचारलं.

“कायदा कोणत्याही व्यक्तीला हरकत घेऊ देतो. तू व्यक्ती हायस का?”

“हाय की!”

“मग झालं. कुणी काढलाच वयाचा मुद्दा तर मी बघते. पण नुसतं ‘पूर येतो साहेब’ म्हणून रडायचं न्हाय. त्यांच्या नकाशातली पूररेषा मळीच्या पलीकडं, नदीकाठालाच थांबलीय. पाणी तिच्या वर आलतं हे दाखवायला लागंल.”

“पंचनामे झालेत की,” मोना म्हणाली.

“त्यात घरात पाणी शिरलं एवढंच हाय. किती चढलं ते न्हाय. आणि पाणी सगळ्यात वर पोचलं तेव्हा तुम्ही सगळी शाळेत मुक्कामाला. फोटो काढायला हुतं कोण?” खालांनी कांद्यानं भरलेले डोळे मनगटाला पुसले. “मळी म्हणजे नदीचं पोट. ते भरावानं भरलं की नदी जेवायला तुमच्या स्वयंपाकघरात येणार. पण हे सांगायचा साक्षीदारच तुम्ही रंगवून टाकलाय.”

संयोगिता पुढचं ऐकायला थांबली नाही.

घरी आली, आईचं उलथनं उचललं, दारासमोरच्या ओट्यावर स्टूल ठेवलं आणि दर्शनी भिंत खरवडायला लागली. पिवळे पापुद्रे पायावर पडायला लागले तशी समोरची चिमणाबाई पदर खोचून धावली.

“अगं बया! रविवारी तुमच्या इश्वजितला बघायला पावणं यायचं हायत, आन् तू भिंतीची सालं काढतीस?”

“काकी, तुमचं बी काढायचं हाय. उलथनं धुऊन ठेवा!”

हाकाटी ऐकून आई बाहेर आली. पाठोपाठ वडील, सयाजी, हातात टॉवेल तसाच. थोरला भाऊ विश्वजित उंबऱ्यातच खिळला. त्याचंच लग्न, आणि त्याला कुणीच विचारत नव्हतं.

“खाली उतर,” सयाजी म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून आईच जास्त घाबरली. “दादाचं परत मोडायचं हाय तुला?”

“न्हाय पप्पा.”

“मळीत इमारती झाल्या की गल्लीचा भाव वाढंल. हे घर विकून वरच्या अंगाला जागा घिऊ. पुराच्या कटकटीतनं कायमचं सुटू. दादाचा संसार कोरड्यात हुईल. कुणासाठी करतोय मी हे?”

संयोगिताचा हात थांबला. हे तिला माहीत नव्हतं. क्षणभर उलथनं जड झालं. भिंतीत अजून नुसता चुना दिसत होता.

“विकणार कुणाला, पप्पा?”

“घेईल कोणतरी.”

“ज्याला रेषा म्हाईत न्हाय त्याला. व्हय ना? त्याची बी पोरं असतील की. आपण कोरडं, ती पाण्यात.”

सयाजींनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. तिनं पुन्हा जोर लावला. एक मोठा पापुद्रा सुटला आणि त्याच्यामागं लाल रंग डोकावला. स्टुलावर उभ्या असलेल्या संयोगिताच्या कपाळाच्या उंचीवर.

गल्लीत जमलेली माणसं माना वर करून बघत राहिली. चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला. पूर बघितलेल्या बाईलासुद्धा तो एवढा उंच होता याचा विसर पडला होता. विश्वजित उंबऱ्यातून उतरला आणि त्यानं डगमगणारं स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

“तू बी?” सयाजी म्हणाले.

“पडंल ती, पप्पा,” तो एवढंच बोलला.

“बास कर, बाळा,” आई काकुळतीला आली. “लोक काय म्हणतील?”

संयोगितानं कपाळावरचा पिवळा भुगा मनगटानं पुसला आणि स्टुलावरूनच दोघांकडं वळली.

“आई, पप्पा, आता सगळ्यांदेखत सांगते. उद्या महापालिकेत हरकत जाणार आणि ती माझ्या नावानं जाणार. सुनावणीला मी शाळा बुडवून जाणार, चाँदबी खाला संगट हायत. तुम्ही आला तर बरं वाटंल, न्हाय आला तरी मी जाणार. आणि ही रेषा रविवारी अशीच राहणार. पावण्यांना च्या द्यायच्या आधी मीच त्यांना इथं आणून उभं करणार, पाणी कुठवर आलतं ते सांगणार. त्यानंतर बी ज्या वैनीला ह्या घरात यावं वाटंल, ती यील!”