भांगातली पांढरी रेघ

रविवारी सकाळी न्हाणीघरात जुनी वर्तमानपत्रं पसरली की समजायचं, आज आईचे केस रंगवायचे. खांद्यावर डागाळलेला टॉवेल टाकून आई स्टुलावर बसायची आणि लेक मागे उभी राहून जुन्या टूथब्रशने रंग लावायची.

"कानामागे नीट लाव गं. तिथे हमखास राहतं तुझ्याकडून."

"कानामागे कोण बघायला येतंय?"

"गिऱ्हाईक! फ्रेम बसवायला मी वाकते, तेव्हा माझं डोकं थेट त्यांच्या नाकासमोर असतं."

आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चारी बाजूंना आरसे. तिच्याआधीपासून कामाला असलेल्या बाईंना मालकाने "आता आराम करा" म्हणून घरी बसवलं, तेव्हापासून आईने धसकाच घेतला होता. साठी उलटली तरी दुकानात ती पन्नाशीचीच होती.

ते केस लेकीइतक्या जवळून कुणी पाहिले नव्हते. मुठीत न मावणारी वेणी आता करंगळीएवढी झाली होती. भांग रुंदावला होता, टाळूची कातडी दिसत होती. नवे केस तारेसारखे राठ, रंगाला दाद न देणारे. म्हातारपणामागून येणारं दुसरंच काहीतरी तिला तिथे दिसायचं. मग ती भराभर ब्रश फिरवायची. पांढरं झाकलं की तेही दिसेनासं व्हायचं.

त्या रविवारी आई डावा हात चोळत म्हणाली, "जिना चढताना हल्ली धाप लागते. फ्रेमा वरच्या मजल्यावर. दुकानातल्या नव्या पोरी पळतात, मग मलाही पळावं लागतं."

"डॉक्टरांकडे जाऊ या का?"

"आणि दुकानात काय सांगू? म्हातारीला धाप लागली म्हणून?"

"तू कसली म्हातारी! लोक तुला माझी बहीण समजतात."

आई खुदकन हसली. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या जिन्यात, हातात फ्रेमांचा ट्रे असतानाच, आई कोसळली. ती पुन्हा उठली नाही.

वर्ष सरलं. लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. एका दुपारी ती कागदावर वाकलेली असताना मागून आवाज आला, "मॅडम, भांगात खडू सांडला की काय?" सगळे हसले. तीही हसली. संध्याकाळी घरी येताना तिने केसांच्या रंगाचं खोकं विकत घेतलं.

इमारतीच्या जिन्यात छातीत धडधडलं. हल्ली हे रोजचंच झालं होतं. शेजारीण वरून उतरत होती, म्हणून ती पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत उभी राहिली. आईसुद्धा अशीच थांबत असेल का?

वर दाराशी मावशी कठड्यावरून खाली बघत उभी होती. आईची धाकटी बहीण, पण डोकं पांढरंशुभ्र. आई दुकानात तिची ओळख "ही माझी थोरली" अशी करून द्यायची.

"मघाशी जिन्यात का थांबलीस?"

"किल्ली शोधत होते."

"किल्ली तर तुझ्या हातात होती."

मावशीची नजर खोक्यावर गेली.

"ऑफिसात हसतात गं मावशी. दोन नव्या मुली आल्यात. मला काढलं तर?"

"तुझी आई हेच म्हणायची. अगं, केसाच्या मुळाशी रंग बनतो, तो वयाबरोबर बनेनासा होतो. केस बारीक होतो, विरळ होतो. शरीराचा साधा व्यवहार आहे. त्यात चोरी कसली?"

"म्हणजे रंग लावूच नको?"

"हौस असेल तर निळा लाव, मी धरते आरसा! पण भीतीने लावलास, तर झाकणं तिथे थांबत नाही. आधी केस, मग वय, मग दुखणारा गुडघा, मग छाती. मला थोरली म्हटलं की मीही हसायचे. आपण सगळ्यांनी मिळून तिला तरुण ठेवलं गं... आणि तिची धाप कुणाला ऐकूच आली नाही!"

"मावशी, मलाही धाप लागते! मला फार भीती वाटते!"

एवढंच बोलायला तिला किती दिवस लागले होते! मावशीने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

सकाळी दोघी दवाखान्यात गेल्या. वय विचारल्यावर जीभ क्षणभर अडखळली, मग लेकीने खरं ते सांगितलं. तपासण्या झाल्या. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. छापखान्यात कुणी खडूचा विषय काढला, तर ती आता म्हणते, "खडू नाही, वय आहे. तुमचंही येतंय मागून."

वाचकहो, पांढऱ्या केसाने आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही. तो लपवायला लावणारी भीती मात्र घेते. आणि ही भीती आपणच पेरतो, एखाद्या थट्टेतून, एखाद्या कौतुकातूनसुद्धा. आपल्या घरातल्या, कामावरच्या माणसांना निर्धास्तपणे म्हातारं होऊ द्या!

पुढच्या रविवारी लेक न्हाणीघरात गेली. कोपऱ्यात रिकामं स्टूल होतं, खिडकीत तो टूथब्रश, मुळाशी अजून काळा. ती स्टुलामागे उभी राहिली, नेहमीच्या जागी, आणि मोठ्याने म्हणाली,

"आई, मला तू म्हातारी झालेली हवी होतीस."