बारकीच्या नावाची नोंद

गोचीड हे तिला मामाने दिलेलं नाव. एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की सोडायचं म्हणून माहीत नाही. पोरगी चाळिशीला आली, स्वतःचं चष्म्याचं दुकान टाकलं, तरी मामाच्या तोंडी गोचीड ती गोचीडच. या वर्षी ती चिकटली होती आपल्याच घराण्याला. दुकानाला सुटी असली की जुन्या नोंदींच्या कचेरीत जायचं, जुन्या रजिस्टरांच्या फिल्मचं रीळ यंत्रावर चढवायचं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मेलेली माणसं शोधायची. लोकांना चष्मे देणारी बाई स्वतःचे डोळे फोडून घेत होती, दुसरं काय!

त्या दुपारी रीळ अर्ध्यावर असताना मामाचा फोन आला.

"आजीचं काही खरं नाही गं. डॉक्टर म्हणाले, भेटायचं असेल त्यांनी आजच भेटून घ्या. तुझ्या आईला घेऊन ये."

"ती येईल का रे मामा?"

"ते तुझं काम. चिकट तिला."

बोलायला काय जातं? आईने त्या घराची पायरी चढून कित्येक वर्षं झाली होती. भांडण जागेचं नव्हतं, दागिन्यांचं नव्हतं. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण भांडण हाकेचं होतं. आजीने आपल्या लेकीला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. ‘ए’, ‘अगं’, नाहीतर ‘बारकी’. मामाला नावाने, शेजारच्या मांजराला नावाने, आणि पोटच्या पोरीला बारकी! लग्नाच्या दिवशी आई रडून म्हणाली होती, आज तरी घे माझं नाव. आजी मूग गिळून बसली. शेवटी आईने सांगून टाकलं, नावाने बोलावेल त्या दिवशी येईन. आजीने बोलावलं नाही. हट्टात दोघी एकमेकींना भारी.

फोन ठेवून गोचीड रीळ गुंडाळायला लागली, आणि पडद्यावरून पानं सरकताना तिचा हात जागच्या जागी थांबला. मृत्यूची नोंद होती. नाव आईचं. वडिलांच्या जागी आजोबा, आईच्या जागी आजी, पत्ता तोच. वय अडीच वर्षं. कारण, पाण्यात बुडून.

अगं बाई! दोनच महिन्यांपूर्वी तिने आईची जन्मनोंद शोधून काढली होती. ती शाळेच्या दाखल्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षं आधीची निघाली, तेव्हा मायलेकी किती हसल्या होत्या! शाळेत घालताना मास्तरांनी वय कमी लावलं असणार, तेव्हा सर्रास लावायचे. गोचीडने वंशवृक्षात तीच तारीख भरली आणि पुढची पानं उलटलीच नाहीत. आता त्या तारखेची मुलगी मेलेली होती. मग घरी चहा पीत बसलेली बाई कोण?

ती धावत कारकुनाच्या खिडकीपाशी गेली. दाखल्यावरच्या वर्षाचं जन्माचं रजिस्टर मागितलं. ते फाटलं म्हणून दुरुस्तीला गेलंय, दोन-तीन महिने तरी लागतील, असं उत्तर आलं. इथे आजीला दोन-तीन तास होते की नाही, देव जाणे.

आईला हे सांगायचं नाही, असं ठरवूनच ती घरी आली. पण आईने नेहमीसारखे पाय रोवले. "मी नाही यायची. तिला लेक हवी असती तर नावाने बोलावलं असतं." शेवटी गोचीडचा संयम सुटला आणि तोंडातून निसटलंच. फोनमध्ये काढून आणलेला नोंदीचा फोटो आईच्या हातात गेला.

आईने तो पुन्हापुन्हा वाचला.

"म्हणजे मी त्यांची नाहीच. मेलेल्या पोरीच्या जागी कुणाचं तरी मूल आणलं आणि तिचं नाव चिकटवलं. तरीच! परक्या पोरीला कोण नावाने हाक मारेल?"

"आई, अजून काही नक्की नाही गं..."

"चल. तिच्याच तोंडून ऐकते."

गाडीत गोचीडचा जीव टांगणीला लागला होता. मरायला टेकलेल्या म्हातारीच्या अंगावर आपण ही तोफ भरून नेतोय. कशाला मेली ती रिळं बघायला गेले, म्हणून तिने स्वतःला लाख शिव्या घातल्या.

दारात मामाचा चेहरा बहिणीला बघून खुलला, पण आई त्याला ओलांडून आत गेली. पलंगावर आजी मूठभर उरली होती. नाकाला नळी, उशाशी घरघरणारं यंत्र. गोचीडने आईचा दंड धरला, तो तिने झिडकारला.

"मी कुणाची?" आईने विचारलं. कशी आहेस नाही, काही नाही. मग तिने फोन समोर धरून नोंद मोठ्याने वाचली, स्वतःच्या नावासकट.

नाव ऐकताच आजीने चटका बसल्यासारखे डोळे मिटले. "नको गं..."

"सांग मला!"

आजी थांबत थांबत बोलली. "तुझी मोठी बहीण ती. मागे हौदापाशी खेळत होती. मी आत चुलीशी. हाका मारल्या. ओ देईना. वाटलं, लपलीय, मला चिडवतेय. मी उठले नाही गं. आतूनच हाका मारत बसले."

मामा तर आईहून लहान. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

"आणि मी?" आईचा आवाज फुटला.

"तू पोटात होतीस. सातवा महिना. यांनी हट्टाने तेच नाव ठेवलं. म्हणाले, तीच परत आली. नाव ओठांवर आलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, मी हाक मारेन आणि हीसुद्धा ओ देणार नाही."

आई पलंगाच्या कडेवर बसली. "वेडी आहेस का गं तू? एवढं सांगता नाही आलं? सगळा जन्म मी तुझ्यावर दात धरून राहिले!" असं म्हणत ती लहान पोरीसारखी हमसून रडायला लागली, आणि रडतारडताच आजीचे थंड पाय चोळू लागली.

आजीचा श्वास लांबत चालला. मामा पुढे झाला, गोचीडने तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात आजीचे ओठ हलले. आधी नुसतीच हवा आली. मग तिने हाक मारली, नावाने, पूर्ण नावाने. दोघींपैकी कुणाला, ते तिचं तिलाच ठाऊक.

"ओ," आई म्हणाली. आजीला ऐकू गेलं नसेल म्हणून तिच्या कानाशी वाकून पुन्हा मोठ्याने म्हणाली, "ओ, आई. आले."