खिडकीतली गुलाबी गोळी

मी एक गोळी बोलतेय. रक्तदाबाची. आज तुम्ही मला पांढरी म्हणाल, पण मी गुलाबी होते.

जन्म आठवतो तो पाळण्यासारखा. एक मोठं गोल भांडं संथ फिरत होतं आणि आम्हा हजारो बहिणींवर गुलाबी फवारा उतरत होता. तो रंग कुणाला बरं करत नाही. ती आमची ओळख. माणसं औषधाचं नाव विसरतात, रंग विसरत नाहीत.

नागपुरात मी अनंतरावांच्या घरी आले. त्यांची बोटं थरथरत, गोळीचं पाकीट फुटत नसे. म्हणून त्यांची पत्नी चारुलताबाई आम्हाला काढून तपकिरी बाटलीत भरायच्या आणि बाटली फडताळात पार आत सारायच्या. मधुमेहाच्या पांढऱ्या गोळ्या दुसऱ्या बाटलीत.

"जुन्या बाटल्या जमवायचा भारी सोस तुला," अनंतराव म्हणत.

"गुलाबी उठल्यावर, पांढरी जेवताना. एवढं ध्यानात ठेवा, बाटल्यांचं मी बघते."

हिवाळ्यात त्या गेल्या.

अनंतरावांनी त्यांचा फोटो पश्चिमेच्या खिडकीत ठेवला, त्यांच्या बसायच्या जागी. शेजारी काचेची बरणी ठेवून दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या तिच्यातच ओतल्या. "आता तुझ्यासमोरच घेत जाईन," ते फोटोला म्हणाले. "विसरलो तर रागाव."

खरं सांगते, मला ते ऊन आवडलं. दुपारी यायचं, अंगावर टेकायचं, आणि उठताना थोडा रंग पदराला लावून न्यायचं. मी अर्धवट झोपेत असायचे. वैशाख आला तेव्हा पांढऱ्या गोळ्यांत आणि आमच्यात रंगाचा फरक उरला नव्हता. आकार तर आधीपासून सारखाच.

एका सकाळी अनंतरावांनी बरणीत हात घातला, चिमटीत आली ती मधुमेहाची गोळी उपाशीपोटी गिळली. थोड्या वेळानं खुर्चीतच घामानं भिजले. मला ओरडता येत नाही.

नशीब, त्यांची मुलगी मिनल त्याच वेळी दारात आली. तिनं साखरपाणी पाजलं, हात धरून बसून राहिली. त्यांना हुशारी आल्यावर तिनं बरणी उपडी केली.

"बाबा, गुलाबी कुठंय?"

"आहे ना त्यातच. मलेच दिसत नसंल. डोळे गेले वं माझे."

"मग माझेही गेले म्हणायचे!"

तिनं फडताळातून आईची तपकिरी बाटली काढली. तळाशी कापसाला एक गोळी चिकटली होती. मिनलनं अंगावरची बारीक अक्षरं ताडून मला उचललं आणि तिला तळहातावर माझ्याशेजारी ठेवलं. माझी सख्खी बहीण, अजून गुलाबाच्या पाकळीसारखी.

"ह्या दोन्ही एकच?" अनंतरावांनी विचारलं.

"एकच. ही उन्हात होती."

त्यांनी ती रिकामी तपकिरी बाटली उचलून उन्हासमोर धरून पाहिली. मग त्यांची नजर फोटोवर गेली. फोटोतली मोरपंखी साडी फिकी आकाशी झाली होती. कपाळावरचं कुंकू शोधावं लागत होतं.

ते उठले. फोटो छातीशी धरून आतल्या खोलीकडे निघाले.

"काहून बाबा, आईला अंधारात ठेवता?"

"अंधारात नाही वं. सावलीत."

मिनलनं आम्हाला कागदात गुंडाळलं. आता औषधाच्या दुकानात परत जायचं, तिथून पुढचं ठाऊक नाही. पुडी मिटण्याआधी मी खिडकीकडे पाहिलं. चौकटीचा हिरवा रंग उन्हानं विटला होता. फक्त फोटो होता तेवढी जागा अजून गर्द हिरवी होती.