कप्तानाचे सहा स्वभाव आणि एक कुत्रा

काकांना प्रेतांची भीती वाटायची, आणि पोट भरायचं ते प्रेतांवरच.

यात नवल काही नाही. ज्याला जे झेपत नाही तेच देव त्याच्या पदरात घालतो आणि वर बसून कौतुकाने बघतो. काका होते आवाजाचे कलाकार. 'किंकाळी' नावाचा एक व्हिडिओ गेम होता. त्यात ओसाड इमारतीतून प्रेतं उठून मागे लागायची आणि खेळणाऱ्याने मोजक्या गोळ्यांवर, जीव मुठीत धरून, बाहेरचं दार गाठायचं. त्याचे सहा भाग निघाले होते, सातवा चालू होता. नायकाला सगळे कप्तान म्हणत, आणि सहाही भागांत कप्तानाचा आवाज काकांचा. स्वतः काकांनी मात्र तो खेळ कधी पुरता पाहिला नव्हता. एकदा हौसेने बघायला बसले, पहिलं प्रेत कपाटातून बाहेर पडलं, आणि पुढचा आठवडाभर काका धुतलेले कपडे दोरीवरूनच काढून घालत होते. कपाट उघडायची छाती होईना.

खेळायच्या काकू. चष्मा लावून, मांडीवर उशी घेऊन, एकेक भाग शेवटापर्यंत तडीला न्यायच्या आणि जेवताना काकांना हकिगत सांगायच्या.

"तुमचा तो कप्तान," काकू एकदा पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "एका जन्मात किती सोंगं काढतो हो? पहिल्या भागात गुराढोरांचा डॉक्टर होता. रक्त पाहिलं की घेरी यायची. प्रेताला गोळी घालायच्या आधी 'माफ कर रे बाबा' म्हणायचा. किती गुणाचा होता. दुसऱ्यात बघते तर बुक्की मारून भिंती पाडतोय. तिसऱ्यात मेलेल्यांसमोर विनोद सांगतोय. चौथ्यात तोंडच उघडलं नाही."

"चौथ्याच्या वेळी माझा घसा बसला होता."

"तुमचा बसला, त्याला काय धाड भरली होती? पाचव्यात तर लग्न करून मोकळा. बोलावणं नाही, काही नाही. आणि इतका बोलतो, इतका बोलतो, की मागे प्रेत लागलंय आणि हा सांगतोय बायकोने गीझर दुरुस्त करायला सांगितलाय. सहाव्यात म्हणे आजन्म ब्रह्मचारी. मग गीझर कोणी लावला?"

जीव एकच, पण अंगरखे सहा शिंप्यांनी शिवलेले. प्रत्येक भागाला नवा लेखक यायचा आणि आपल्या मापाने कप्तान बेतून जायचा. सहाही भागांत स्वभाव बदलला नाही असा एकच जीव होता, तो म्हणजे कप्तानाचा कुत्रा. त्याचं नाव भित्र्या. तो कप्तानाच्या पायाआड लपायचा आणि कुंईकुंई करायचा. त्याला संवाद नव्हते, म्हणून लेखकांच्या हातून तो वाचला होता.

सातव्या भागात त्याच्यावरही ती वेळ आली.

त्या सकाळी काका ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरले, नेहमीप्रमाणे मायक्रोफोनला हात जोडले आणि कानांवर हेडफोन चढवले. काचेपलीकडे दोघं होती. एक खटका. तो यंत्रांवर बसायचा, त्याच्या बोटांखाली सतत बटणं वाजायची म्हणून हे नाव. बोलायचा कमी आणि मागितल्याशिवाय पाणीही द्यायचा नाही. दुसरी नवी लेखिका. हुशार मुलगी, कपाळावर आठी, हातात थंड झालेला चहा.

तिथली कामाची रीत अशी, की गोष्ट ओळीने कधीच म्हणायची नाही. घसा टिकावा म्हणून वाक्यं जातवारीने म्हणायची. एक दिवस सगळी हळू बोललेली वाक्यं, एक दिवस सगळं कण्हणं, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या आरोळ्या. त्यामुळे काकांना कुठलं वाक्य कुठल्या प्रसंगातलं ते कळायचंच नाही. आज होती थंड आवाजाची वाक्यं.

"दार बंद आहे," काका म्हणाले. "इथे काही नाही. गोळ्या संपल्या." सगळं सुरळीत चाललं होतं. मग कागदावर आलं: 'कुत्रंच आहे. मरू दे.'

काकांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं.

"पोरी, हे कुठलं कुत्रं?"

लेखिकेने खटक्याकडे पाहिलं. खटक्याने छताकडे पाहिलं.

"भित्र्या," ती म्हणाली. "बोळात दारापुढे उभा असतो. भुंकला तर प्रेतं जागी होतील, म्हणून कप्तान त्याला गोळी घालतो आणि दार उघडून आत जातो. खूप ताकदीचा प्रसंग आहे, काका."

"असेल. मी नाही म्हणणार."

"काका."

"अगं, जो प्रेताची माफी मागतो तो कुत्र्याला मारेल का? आणि घरी जायचंय मला. काकू ताटच वाढायची नाही."

लेखिकेने चहाचा कप खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "साहेबांनी दुसरा आवाज बघून ठेवलाय. दुपारी यायचाय. तुम्ही म्हटलं नाहीत तर तो म्हणेल, आणि मग इथून पुढचा सगळा कप्तान त्याचाच."

काका स्टुलावर बसले. वीस वर्षं ज्याला श्वास दिला तो आता दुसऱ्याच्या छातीतून बोलणार, आणि बोलणार काय, तर मरू दे. म्हणावं तर भित्र्या जातो, न म्हणावं तर भित्र्याही जातो आणि कप्तानही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, आणि दोन्हींत पाणी नाही.

"एवढं सांग," काका म्हणाले, "तो इतका दगड आहे हे तुला कुठे कळलं?"

"कुठे म्हणजे? मी दिवसचे दिवस त्याचं बोलणं ऐकलंय. खटकादादांनी दिलं होतं. ऐका ना." तिने बटण दाबलं. काकांचाच आवाज खोलीत घुमला. दार बंद आहे. किल्ली लागत नाही. इथे काही नाही. उपयोग नाही. दार बंद आहे.

"बघा, एका शब्दात ओलावा आहे का? याला जगाशी घेणंदेणंच नाही."

"अगं, बंद दाराशी माणूस काय ओलाव्याने बोलणार?" काका म्हणाले. "हा नुसता थंड वाक्यांचा कप्पा आहे. बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे?" लेखिका म्हणाली.

दोघांनी खटक्याकडे पाहिलं. खटक्याची बोटं पहिल्यांदाच थांबली.

"नव्या लेखकाला एकदम सगळं दिलं की तो घाबरतो," तो सावकाश म्हणाला. "म्हणून एक कप्पा द्यायचो. संपला की पुढचा मागेल, मग देऊ. कोणी मागितलाच नाही."

"दुसऱ्या भागाच्या लेखकाला कुठला दिला होता?"

"रागाचा."

"तिसऱ्या?"

"हसण्याचा."

"चौथ्याला?"

"नुसत्या श्वासांचा. तो गृहस्थ खूश होऊन गेला. म्हणाला, काय खोल माणूस आहे."

काकांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. "आणि पाचव्याला?"

खटक्याने मान खाली घातली. "चाचणीचा. रेकॉर्डिंगच्या आधी आवाज जुळवायला तुम्ही काहीबाही बोलता ना, तो."

काकांनी डोळे मिटले. रोज सकाळी मायक्रोफोनसमोर ते काय बोलायचे ते त्यांना शब्दन्‌शब्द आठवलं. बायको म्हणाली, गीझर दुरुस्त करा. बायको म्हणाली, गीझरवाल्याला परत फोन करा.

"म्हणजे माझा संसार त्याच्या गळ्यात घातला," काका म्हणाले. "आणि सहाव्याला कण्हण्याचा दिला असशील, म्हणून बिचारा ब्रह्मचारी."

लेखिका हसत नव्हती. तिने खुर्ची ओढली. "पहिल्या भागाचे सगळे कप्पे द्या," ती खटक्याला म्हणाली. "सगळे."

मागितल्यावर खटक्याने काही हात आखडता घेतला नाही. रक्त पाहून झालेली ओकारी ऐकवली. अंधारात स्वतःशीच पुटपुटलेली प्रार्थना ऐकवली. आणि 'माफ कर रे बाबा', प्रत्येक प्रेतासाठी वेगळं. बाईसाठी 'माफ कर गं ताई', आणि एका अवाढव्य राक्षसासाठी, 'माफ करा साहेब.'

लेखिकेने कपाळाला हात लावला. "हा नाही मारणार," ती म्हणाली.

"तेच तर मी म्हणतोय."

"पण चित्र पक्कं झालंय, काका. ते साहेबांनी मंजूर केलंय. ते बदलायला मी कोण? कप्तान बंदूक उचलतो, ओठ हलतात, गोळी सुटते, अंधार होतो, दार उघडतं. माझ्या हातात फक्त ते वाक्य आहे."

"दाखव मला चित्र."

"तुम्ही? बघाल?"

काकांनी मनात देवाचं नाव घेतलं, आणि त्या कपाटातल्या प्रेतानंतर पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून बसले. बोळ दिसला. भिंतीवरून काहीतरी ओघळत होतं, ते काकांनी पाहिलं नाही असं ठरवलं. दाराला भलंमोठं कुलूप होतं आणि त्याच्यापुढे भित्र्या, कान पाडून, आधीच अर्धा जमिनीला टेकलेला. मग कप्तानाचा चेहरा. ओठ हलले. अंधार. गोळीचा आवाज. दार करकरलं.

"कुत्र्याला लागलेली दिसत नाही," काका म्हणाले.

"अंधार होतो ना."

"मग कुलपाला लागली. कुत्रा मेला म्हणून कुलूप उघडतं होय?"

लेखिका पडद्याकडे बघतच राहिली. या दाराला किल्ली कोणी लावली हा प्रश्न तिला पडला नव्हता, चित्र काढणाऱ्यांना पडला नव्हता, मंजूर करणाऱ्यांना पडला नव्हता.

"ओठ मिटतात ते फक्त 'मरू'ला," ती झपाट्याने म्हणाली. "तिथे तसंच मिटणारं काहीतरी हवं. आधीचं उघड्या तोंडाने."

काका आत गेले. हेडफोन चढवले. बोळातल्या त्या जिवाकडे काचेतून पाहिलं आणि आतापर्यंत कुठल्याही दिवसाच्या जातीत न बसलेल्या आवाजात म्हणाले, "आडवा हो रे. भिऊ नको."

खटक्याने ते चित्रावर बसवलं. कप्तानाने बंदूक उचलली, भित्र्याला आडवं व्हायला सांगितलं, आणि भित्र्या आधीच होत होता. गोळी सुटली, कुलूप तुटलं. चित्रातली एक रेघही हलली नव्हती, आणि खुनाच्या जागी रक्षण आलं होतं.

"पण तो जगला हे कळणार कसं?" लेखिका म्हणाली. "अंधारात भुंकायला हवा. त्याचं भुंकणं आहे का?"

"सहा भागांत एकदाही भुंकला नाही," खटका म्हणाला. "भित्र्या आहे."

मग काकांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. साठीला आलेला, चार लोकांत मान असलेला, घरी नातेवाईक पाया पडतात असा तो गृहस्थ मायक्रोफोनपुढे वाकला आणि भुंकला. पहिलं भुंकणं खोकल्यासारखं झालं. दुसरं जरा जमलं. तिसऱ्याला काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले, डोळे घट्ट मिटले, आणि जन्मभर घाबरलेलं कुत्रं आपल्या माणसावर ओवाळून टाकलेल्या जिवाने पहिल्यांदा भुंकावं तसे भुंकले.

डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडे साहेब उभे होते. त्यांच्या मागे तो दुपारचा नवा आवाज, तरणाताठा, नीट इस्त्री केलेला.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

लेखिकेने प्रसंग लावला. बोळ, बंदूक, आडवा हो रे, अंधार. आणि त्या अंधारात, दाराच्या करकरण्यावरून, ते भुंकणं.

साहेबांनी खुर्ची ओढली. "परत लावा." परत लावलं. नव्या आवाजाने हळूच रुमाल काढला आणि सर्दीचं निमित्त केलं.

"मी तर मारायचं मंजूर केलं होतं," साहेब म्हणाले.

"चित्र तेच आहे," लेखिका म्हणाली. "वाक्य बदललंय. ते मी मुद्दाम बदललंय, साहेब. आधीचं चुकलं होतं, तो तसा माणूसच नाही."

साहेबांनी काचेतून काकांकडे पाहिलं. काका अजून वाकलेलेच होते. कंबर धरली होती, आणि सरळ होण्याची ही वेळ आहे की नाही ते कळत नव्हतं.

"बरं," साहेब म्हणाले. "मग पुढे काय? दार उघडलं. कुत्रा जिवंत आहे. आता कप्तान काय करतो? सगळी प्रेतं जागी झाली असणार. पळतो? लढतो?"

लेखिकेने कागद उलटे केले, सुलटे केले. तिच्या गोष्टीत कुत्रा इथून पुढे नव्हताच. तिने काकांकडे पाहिलं.

काका कण्हत सरळ झाले आणि मायक्रोफोनजवळ आले.

"आधी पाणी पाजा त्याला," काका म्हणाले. "केवढा घाबरलाय तो."

लेखिकेने ते लिहून घेतलं. खटक्याने यंत्र चालू केलं, आणि काकांना खूण केली की हेच परत एकदा म्हणा, कप्तानासारखं. काकांनी ते होतं तसंच म्हटलं.